बुल्यानहुलू: खाणीच्या आधीची वीस वर्षं

टांझानियातल्या बुल्यानहुलूच्या खाणीचा इतिहास सहसा 2001 पासून सांगितला जातो. बॅरिक गोल्ड या कॅनडाच्या कंपनीची खाण तेव्हा सुरू झाली. पण व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेला, कहामा जिल्ह्यातल्या त्या जमिनीतून सोनं निघत होतं ते 1970च्या दशकाच्या मध्यापासून. माणसं हातोडा-छिन्नीने गारगोटीतली सोन्याची शीर फोडत खाली उतरत, दगड दोराने वर ओढत, कुटून पाऱ्यात घोळत. खड्ड्याचा मालक, खोदणारे, कुटणारे अशा वाटण्या ठरलेल्या असत. त्यांच्यामागोमाग खाणावळी आल्या, दुकानं आली, वस्त्या उभ्या राहिल्या. 1990च्या सुमारास तर देशाची मध्यवर्ती बँकच अशा छोट्या खाणकामगारांकडून सोनं विकत घेऊ लागली. सोनं सरकारला चालत होतं, पण ते काढणाऱ्यांच्या हाती सातबाऱ्यासारखा कागद मात्र कोणी दिला नाही.

कागद मिळाला तो सटन रिसोर्सेस या कॅनडाच्याच कंपनीला, 1994 मध्ये. खड्डे रिकामे करून घेण्यासाठी तिने ताबोराच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. तिथे तिला हवा तो आदेश मिळाला नाही. जे न्यायालयाने दिलं नाही ते पुढे मंत्र्याच्या हुकुमाने झालं. 30 जुलै 1996 रोजी जागा सोडण्याचं फर्मान निघालं, पोलीस आले आणि ऑगस्टमध्ये यंत्रांनी खड्डे बुजवायला सुरुवात झाली.

त्या खड्ड्यांत पन्नासहून अधिक माणसं जिवंत गाडली गेली, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. सरकार आणि दोन्ही कंपन्यांनी तो ठामपणे नाकारला. अ‍ॅम्नेस्टीने स्वतंत्र चौकशी मागितली. ही बातमी छापणाऱ्या लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ला बॅरिकच्या बदनामीच्या दाव्यानंतर माघार घ्यावी लागली. विस्थापितांची बाजू लढवणारे टांझानियन वकील टुंडू लिस्सू आणि रुगेमेलेझा न्शाला यांच्यावर राजद्रोहाचे खटले भरले गेले. खाणीला राजकीय जोखमीचं विमासंरक्षण जागतिक बँक समूहातल्या संस्थेचं होतं, म्हणून तक्रार त्या समूहाच्या लोकपालाकडे गेली. 2002 मध्ये त्याने आरोपात तथ्य नसल्याचा निष्कर्ष काढला, तो तक्रारदारांनी फेटाळला.

या वादात एक गोष्ट झाकली गेली, आणि मला तीच सर्वांत मोठी वाटते. माणसं गाडली गेली की नाही यावर दोन बाजू आहेत. माणसं हाकलली गेली यावर नाहीत. तिथे काही हजार लोक होते की काही लाख, यावरही आकडे भांडतात. पण वीस वर्षांचा रोजगार काही दिवसांत संपवायला कायद्याचा कोणता आधार होता आणि त्याची भरपाई कोणी द्यायची, हे प्रश्न मृतांच्या आकड्यांच्या वादात मागे पडले.

बॅरिकने सटन विकत घेतली 1999 मध्ये, म्हणजे हकालपट्टीनंतर. त्याच्या आदल्याच वर्षी टांझानियाने नवा खाण कायदा केला होता: सोन्यावर 3 टक्के स्वामित्वधन आणि परकीय कंपनीला पूर्ण मालकीची मुभा. ज्यांनी शीर शोधली, त्यांना या सौद्यात जागा नव्हती.

2017 मध्ये सौदा पुन्हा उघडला. राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी कच्च्या सोने-तांबे मिश्रणाची निर्यात रोखली आणि बॅरिकच्या उपकंपनीवर 190 अब्ज डॉलरच्या करवसुलीचा दावा लावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, तोवर विरोधी पक्षाचे खासदार झालेल्या लिस्सूंवर दोदोमात गोळ्या झाडल्या गेल्या. ते कसेबसे वाचले. अखेर तडजोड झाली: 30 कोटी डॉलर आणि खाणींत सरकारचा 16 टक्के हिस्सा. देशाला आपला वाटा मिळायलाच हवा होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण 1996 मध्ये हाकललेल्यांचा हिशेब या तडजोडीने मिटला नाही. त्यांना हलवणारं सरकार आता त्याच खाणीत भागीदार आहे. 1996 च्या त्या दिवसांची स्वतंत्र चौकशी व्हायची तर ती आता या भागीदाराचीही व्हायला हवी.