रामवाडीतलं ज्ञानदीप

पुण्यात विद्यापीठं किती, असं विचारलं तर कुणीही पाच-सहा नावं पटापट सांगेल. नगर रस्त्यावरच्या रामवाडीतलं ‘ज्ञानदीप’ त्यांत सहसा नसतं. 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, त्या भागातली वर्दळ आणखी वाढली. तरी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान हे दोनच विषय मुख्यत्वे शिकवणारी, थेट रोमच्या अधिकारात पदव्या देणारी एक कॅथलिक संस्था सत्तर वर्षं तिथे नांदते आहे, याचा आपल्याला पत्ता नाही. जिथे रात्ररात्र शंकराचार्यांच्या भाष्यावर डोळे शिणवणारी माणसं राहिली, ती जागा पुण्याला अनोळखी असावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संस्थेचा जन्म पुण्यातला नाही, भारतातलाही नाही. 1893 साली पोप तेरावे लिओ यांनी भारतातल्या चर्चसाठी एक परिपत्रक काढलं. त्यातला विचार स्पष्ट होता. युरोपातून येणारे धर्मगुरू कायम पुरे पडणार नाहीत, इथल्या भाषा आणि रीतिरिवाज इथल्याच माणसांना ठाऊक असतात, आणि उद्या परक्यांना देश सोडावा लागला तर मागे कोण उरणार? त्यासाठी इथले धर्मगुरू इथेच घडले पाहिजेत. भारताच्या मुलांनीच भारताची आध्यात्मिक सेवा करावी अशा अर्थाचं लॅटिन वचन कोरलेलं पदकही त्यांनी काढलं. ब्रिटिश अंमल ऐन भरात असताना रोममधला एक वृद्ध पोप हे म्हणत होता.

पोपचे प्रतिनिधी लाडिस्लाव झालेस्की हे पोलिश, वनस्पतींचा नाद असलेले गृहस्थ. त्यांनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कँडीजवळच्या आंपिटिया इथे जागा पक्की केली. चालवायची जबाबदारी जेझुइट या धर्मसंघाच्या बेल्जियन फादरांकडे आली आणि धर्मगुरू घडवणारी पेपल सेमिनरी सुरू झाली. 1914 नंतर भारतातून तिकडे जायचं तर बोट मेलनं धनुष्कोडी गाठायची, आगबोटीनं तलैमन्नार, आणि पुढे पुन्हा आगगाडी. शिकवण्याची भाषा लॅटिन. 1926 मध्ये रोमनं या सेमिनरीला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाच्या पदव्या देण्याचा अधिकार दिला. भारताचे पहिले कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस कँडीतच शिकले.

पुढे भारत आणि सिलोन दोन वेगळे स्वतंत्र देश झाले आणि समुद्रापलीकडे मुलं पाठवणं अवघड होत गेलं. 1955 मध्ये सेमिनरी पुण्यात आली. आंपिटियाची वास्तू श्रीलंकेच्या चर्चकडे राहिली, तिथे आजही त्यांची राष्ट्रीय सेमिनरी आहे. पुण्यात पेपल सेमिनरीच्या जोडीला जेझुइट विद्यार्थ्यांचं डी नोबिली कॉलेज होतं. सतराव्या शतकात मदुराईत भगवी वस्त्रं नेसून संस्कृत आणि तमिळ शिकलेल्या रॉबर्टो डी नोबिली यांचं हे नाव. दोन्हींकडच्या शिक्षणाची एकत्र संस्था म्हणजे आजचं ज्ञानदीप.

इथला विद्यार्थी साधारणपणे आधी तत्त्वज्ञान शिकतो, मग वर्ष-दोन वर्षं एखाद्या शाळेत किंवा खेड्यात काम करतो, आणि नंतर चार वर्षांच्या ईशज्ञानासाठी परत येतो. वर्गात कुणी सिमडेग्याचा आदिवासी, कुणी कोहिमाचा नागा, कुणी तिरुनेलवेलीचा, कुणी गोव्याचा. कुणी श्रीरामपूरकडच्या खेड्यातला, ज्याच्या घरची माणसं दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. केरळची बरीच मुलं तर कॅथलिक असूनही वेगळ्या पूर्वापार उपासनापद्धतीची, सिरो-मलबार किंवा सिरो-मलंकारा. सकाळी मिस्सा, मग तास, संध्याकाळी मैदान, पुन्हा प्रार्थना आणि वाचन. सुट्टीच्या दिवशी वस्त्यांत, इस्पितळांत, पॅरिशमध्ये काम. व्रतस्थ भगिनी आणि प्रापंचिक स्त्री-पुरुषही इथे शिकतात. वर्गातली भाषा इंग्रजी. जेवणाच्या टेबलावर मात्र निम्म्या भारताच्या भाषा ऐकू येतात.

अभ्यासक्रमात प्लेटो, अक्वायनस आणि कांट आहेत, तसे उपनिषदं, न्याय, सांख्य आणि बौद्ध मतही आहे. हे आपसूक झालेलं नाही. त्यामागे इथल्या काही शिक्षकांची आयुष्यं आहेत. त्यांतल्या रिचर्ड डी स्मेट यांच्यापाशी मला थांबलंच पाहिजे.

1916 मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेले डी स्मेट 1946 मध्ये भारतात आले आणि संस्कृत शिकले. पन्नासच्या सुमारास कोलकात्यात त्यांनी डॉ. राधाकृष्णन यांचं म्हणणं ऐकलं, की शंकराचार्य हे निव्वळ बुद्धीच्या बळावर चालणारे तत्त्वज्ञ होते आणि ख्रिस्ती विचार मात्र श्रद्धेच्या चौकटीत अडकलेला आहे. डी स्मेट वाद घालत बसले नाहीत. त्यांनी भाष्यं वाचायला घेतली. 1953 मध्ये रोममध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी दाखवलं, की शंकराचार्य आधी श्रुतीचा अर्थ लावणारे आहेत. त्यांचा तर्क धारदार आहे, पण तो श्रुतीच्या सेवेला आहे. आधी श्रवण, मग मनन, मग निदिध्यासन, हा क्रमच तसं सांगतो.

पुढचं त्यांचं काम अधिक बारीक आहे. तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्माची जी व्याख्या येते, तिच्यावरच्या भाष्यात आचार्य विचारतात, की रोजच्या वापरातले शब्द अनंताला कसे लागू पडणार? त्यांचं उत्तर लक्षणेचं आहे. शब्दाचा मर्यादित वाच्यार्थ गळू द्यायचा, पण त्याची दिशा सोडायची नाही. शब्द ब्रह्माला कवेत घेत नाही, तिकडे निर्देश करतो. डी स्मेट यांनी हे ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसच्या शेजारी ठेवलं. ईश्वराला ‘चांगला’ म्हणताना त्या शब्दाचं काय होतं, याची उकल अक्वायनसनं तेराव्या शतकात केली होती. एकमेकांचं नावही न ऐकलेली दोन माणसं एकाच प्रश्नापाशी येऊन जवळपास सारखी वाट काढतात, हे त्यांनी ओळी ओळी लावून दाखवलं. दोघांचं एकच मत आहे, असं सोयीचं विधान त्यांनी केलं नाही. त्यांचा प्रबंध दशकानुदशकं टंकलिखित प्रतींतूनच अभ्यासकांमध्ये फिरत राहिला. 1997 मध्ये ते गेले. दे. द. वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोश तयार झाला, तेव्हा त्यासाठी लिहिणाऱ्यांत हे बेल्जियन फादर होते. मराठीवरचं हे ऋण आपण कधी मोकळेपणानं बोलून दाखवलेलं नाही.

त्यांचे सहकारी योसेफ नॉयनर ऑस्ट्रियाचे. 1938 मध्ये भारतात आले आणि महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारनं त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून छावणीत ठेवलं. गीतेतली अवतारकल्पना आणि ख्रिस्ताचं देहधारण यांची तुलना करणारा निबंध त्यांनी पन्नासच्या दशकात लिहिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते तज्ज्ञ सल्लागार होते. ज्या परिषदेनं चर्चला इतर धर्मांकडे आदरानं पाहायला सांगितलं, तिच्या मसुद्यांत पुण्याच्या या शिक्षकाचा हात होता. मदर तेरेसांना वर्षानुवर्षं प्रार्थनेत ईश्वराची जाणीवच होत नव्हती. तो अंधार त्यांनी 1961 मध्ये ज्यांच्यापाशी मोकळा केला, ते हेच फादर नॉयनर. 2009 मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्यांनी पुण्यातच देह ठेवला.

जेझुइट फादर अँथनी डिमेलो यांची ‘साधना’ संस्थाही डी नोबिली कॉलेजातच सुरू झाली आणि मग लोणावळ्याला गेली. इथलेच बायबलचे अभ्यासक जॉर्ज सोआरिस-प्रभू यांनी बायबल गरिबीच्या आणि जातीच्या प्रश्नासमोर ठेवून वाचलं. बहिष्कृतांबरोबर जेवायला बसणारा येशू भारतातल्या दलित ख्रिस्ती माणसाला काय सांगतो, हा त्यांचा प्रश्न महाराष्ट्रात तरी कुणाला परका वाटू नये. चर्चच्या आतली जात त्यांनी झाकली नाही, हे मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही मोठं वाटतं. 1995 मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि हे काम अर्ध्यात राहिलं.

एक तक्रार मात्र मांडायला हवी. संस्थेचं बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. ‘ज्ञानदीप’ हे तिचं नियतकालिकही इंग्रजीतच निघतं. डी स्मेट यांनी मराठी कोशाशी जोडलेला धागा पुढे कुणी वाढवायला हवा होता. दोष एकट्या संस्थेचा नाही. आपल्या तत्त्वज्ञान विभागांनी आणि व्याख्यानमालांनी तरी रामवाडीला किती बोलावणी धाडली?

महाकोशाचे तीन खंड जुन्या ग्रंथालयांत अजून मिळतात. तत्त्वज्ञान शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या प्रत्येकानं ते काढून त्यातल्या डी स्मेट यांच्या नोंदी वाचाव्यात. आणि त्यांचा शंकराचार्यांवरचा प्रबंध मराठीत आणण्याचं काम एखाद्या विद्यापीठानं, एखाद्या प्रकाशकानं हाती घ्यावं.