विश्लेषण : व्यवहाराचे व्हॉट्सॲप मेसेज न्यायालयात टिकतात का?

‘माल मिळाला, पैसे दिवाळीनंतर देतो.’ एवढ्या एका ओळीवर लाखोंची उधारी ठेवणे आता छोट्या व्यापारात नेहमीचे झाले आहे. पण दिवाळी उलटल्यावर समोरच्याने ‘असे काही ठरलेच नव्हते’ म्हटले तर? तोच मेसेज कामी येऊ शकतो. मात्र तो कसा जपला, यावर बरेच अवलंबून असते.

मेसेजला कायद्याची मान्यता आहे?

आहे. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यात स्मार्टफोनमधील नोंदी आणि मेसेज यांचा ‘दस्तऐवजा’त स्पष्ट समावेश आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार रद्द ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०-अ सांगते. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका थकबाकी प्रकरणात व्हॉट्सॲपवरची नोटीस पोहोचल्याचे मानले होते. ती मिळाली आणि उघडलीही गेली, हे मेसेजवरच्या खुणांवरून दिसत होते.

मग स्क्रीनशॉट पुरेसा का नाही?

कारण तो मूळ नोंदीची प्रत असतो आणि त्यात फेरफार करणे सोपे असते. त्यामुळे अशा प्रतीसोबत कलम ६३(४) नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचे दोन भाग असतात. भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग ‘ब’ तज्ज्ञ भरतो. त्यात फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, नोंदवतात. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हा ठसा बदलतो.

प्रमाणपत्र नसेल तर?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात मिळाले. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, उमेदवारी अर्ज वेळेत भरला का, हा वाद व्हिडीओ चित्रणापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये जुन्या कायद्यातील कलम ६५-ब चा अर्थ लावताना स्पष्ट केले, की प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली, तर त्याची गरज नाही. थोडक्यात, मूळ फोन हाताशी असणे मोलाचे.

काय जपावे?

– महत्त्वाच्या व्यवहाराचे चॅट ‘डिसॅपिअरिंग मेसेज’वर ठेवू नये. या सोयीत मेसेज २४ तास, ७ किंवा ९० दिवसांत नाहीसे होतात.
– हवा तेवढाच नव्हे, पूर्ण संवाद ठेवावा. सोयीचा तुकडा दाखवल्यास संशय वाढतो.
– ‘एक्स्पोर्ट चॅट’ने फोटो-बिलांसह प्रत काढून वेगळी साठवावी. ती जोड आहे, मूळ फोनला पर्याय नाही.
– वाद दिसू लागला, की फोन विकू नये, रीसेट करू नये.
– दर, नग आणि मुदत एका मेसेजमध्ये लिहून समोरच्याचा होकार घ्यावा. नुसत्या अंगठ्याच्या इमोजीवर विसंबू नये.

मेसेज पुसले तर?

पुरावा न्यायालयापुढे येऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नियमनाखालील क्षेत्रांत तर मेसेज न जपणेच महागात पडू शकते. कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक मोबाइलवरील कामाचे संदेश जतन न केल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनच्या रोखे कंपनीला १२.५ कोटी डॉलरचा दंड केला.

किती काळ जपावे?

विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. तेवढ्या काळात अनेकांचा फोन बदलतो. म्हणून जुना फोन ‘एक्स्चेंज’मध्ये देण्याआधी त्यात कोणाची उधारी अडकली आहे का, हे एकदा पाहिलेले बरे.