वतनाचा प्रश्न कायदेमंडळात

महार वतनाच्या व्यवस्थेत गावचा महार सरकारचा चाकर गणला जाई. परंतु त्या चाकरीला वेळेचे बंधन नसे आणि मुशाहिरा नाममात्र असे. थोडीशी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते एवढ्यावर त्याने सारावसुलीसाठी रयतेला चावडीवर बोलवावे, टपाल कचेरीत पोचवावे, फिरतीवरच्या अंमलदाराच्या दिमतीस राहावे, आणि तो स्वतः हजर नसल्यास घरातील दुसऱ्याने त्याच्या जागी राबावे, असा दंडक होता. बलुते देणे गावाच्या मर्जीवर असल्यामुळे ताठ मानेने वागू पाहणाऱ्याचे धान्य खळ्यावरच अडवता येई.

19 मार्च 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले. ज्या वतनदाराची इच्छा असेल त्याने पूर्ण सारा भरून जमीन रयतेप्रमाणे कसावी व चाकरीतून मोकळे व्हावे, आणि बलुत्याऐवजी सरकारने रोख कर वसूल करावा, असे त्याचे स्वरूप होते. परंतु आंबेडकर आणि डॉ. पुरुषोत्तम सोळंकी हे अस्पृश्यवर्गाचे दोघेही सभासद सरकारनियुक्त. त्यांच्या मागे मतांचे बळ नव्हते, आणि महारांच्या पगाराचा बोजा तिजोरीवर घेण्यास सरकार राजी नव्हते. 1929 साली विधेयक मागे घ्यावे लागले.

1932 च्या पुणे कराराने मुंबई इलाख्यात अस्पृश्यवर्गाला 15 राखीव जागा मिळाल्या, आणि 1937 साली आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले सभासद सभागृहात बसले, तेव्हा त्याच वर्षी कोकणातील खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयकही दाखल झाले. तेही बहुमताअभावी अडले. पण 1938 च्या आरंभी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला, आणि सभागृहातील मागणीला रस्त्यावरील संघटनेचा आधार मिळाला. पुढे 1949 साली खोती आणि 1958 साली महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द झाली. दोन्ही वेळी बहुमत दुसऱ्या पक्षाचे होते, तरी हे प्रश्न सभागृहापुढे आणण्याचे श्रेय त्या अल्पसंख्य सभासदांचेच होय.

तात्पर्य, राखीव जागा हा न्यायाचा शेवट नसून त्याची पूर्वअट आहे. ज्याने अन्याय सोसला त्याचाच प्रतिनिधी त्या अन्यायाचे कलम कोणते, ते बदलावे कसे आणि खर्च कोणी सोसावा हे नेमके सांगू शकतो. मात्र त्या मसुद्याचा कायदा व्हावा यासाठी सभागृहात मते आणि बाहेर संघटित समाज लागतो. म्हणून आजच्या राखीव जागेवरील प्रतिनिधीचे मूल्यमापन त्याच्या उपस्थितीवरून न करता, त्याने कोणते प्रश्न सभागृहापुढे मांडले आणि त्यांचा पाठपुरावा कोठवर नेला, यावरूनच केले पाहिजे.