एसएसडी किती भरवशाची?

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन एसएसडी मागितली, की वेगाचे आकडे लगेच ऐकायला मिळतात. पण भरवशाचे काय? गेल्या वर्षी माझ्या घरच्या संगणकातील एसएसडी एका सकाळी एकाएकी मुकी झाली. दोन वर्षांची प्रयोगांची टिपणे गेली. गंमत अशी, की ती फारशी झिजलेलीही नव्हती! मग बिघडले काय?

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर चुंबकीय खुणा असतात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तिच्या सिलिकॉन चिपांवर अब्जावधी सूक्ष्म कोठड्या असतात आणि त्यांत विद्युत्‌रोधक थराआड इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. लिहिताना मोठा विद्युत्‌दाब देऊन इलेक्ट्रॉन या थरापार नेतात. एरवी अशक्य वाटणारी ही गोष्ट पुंज भौतिकीतील 'बोगदा परिणामा'मुळे घडते. ही फ्लॅश स्मृती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये जगापुढे मांडली.

प्रत्येक लेखनाबरोबर रोधक थर किंचित झिजतो. कोठडीत एकच बिट ठेवायचा, तर विद्युत्‌भाराच्या दोन पातळ्या पुरतात; तीन बिटांना आठ (टीएलसी) आणि चार बिटांना सोळा (क्यूएलसी) लागतात. पायऱ्या जितक्या जवळ, तितकी चूक लवकर. म्हणून बाकी सारे सारखे असेल, तर टीएलसी अधिक टिकाऊ.

माहितीपत्रकात 'टीबीडब्ल्यू' हा आकडा पाहा. हमीत एकूण किती टेराबाइट लेखन धरले आहे, ते तो सांगतो. समजा, तो ३०० आहे आणि तुम्ही रोज २० गिगाबाइट लिहिता. ३,००,००० ÷ २० = १५,००० दिवस, म्हणजे सुमारे ४१ वर्षे! तेव्हा घरगुती वापरात झीज हे मुख्य दुखणे नव्हे.

खरी मेख नियंत्रक चिपमध्ये आहे. कोणती माहिती कोणत्या कोठडीत आहे, याचा नकाशा ती सतत बदलत असते. नेमक्या त्या क्षणी वीज गेली किंवा नियंत्रकच बिघडला, तर कोठड्या शाबूत असूनही माहिती हाती लागत नाही. माझ्याकडे तसेच झाले असावे.

म्हणून नामांकित उत्पादकाची, शक्यतो पाच वर्षांची हमी असलेली एसएसडी पक्क्या पावतीवर घ्यावी. फारच स्वस्त मिळाली, तर सावध व्हा. बनावट एसएसडी खोटी क्षमता दाखवते. नवी एसएसडी एकदा पूर्ण भरून, सारे परत वाचून पडताळावे. संगणकाला यूपीएस जोडावा. वीज न देता ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवू नये. कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू पाझरतात, उष्णतेत अधिकच.

करून पाहा : एसएसडी स्वतःच्या प्रकृतीची 'स्मार्ट' नावाची नोंद ठेवते. तीत बहुधा आजवरचे एकूण लेखन मिळते. वापराच्या दिवसांनी त्याला भागा आणि वरचे गणित आपल्या एसएसडीसाठी मांडा.

आणि एक विसरू नका. हमीत नवी एसएसडी मिळते, गेलेली टिपणे मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी आजच करून ठेवा.