भिंगाला धरून ठेवणारे धागे

मिरकरवाडा बंदरावरून आणलेला बांगडा शिजला, की त्याच्या डोळ्यातून पांढरी, टणक गोळी निघते. हे माशाचे भिंग. जवळचे-दूरचे पाहण्यासाठी एक छोटा स्नायू ही गोळी पुढे-मागे सरकवतो. माणसाचे भिंग मात्र जागेवरच राहून आपला फुगवटा बदलते. ते कसे?

बकऱ्याचा ताजा डोळा मधोमध आडवा कापून पुढच्या अर्ध्या भागात मागून पाहिले, तर काळ्या, चुणीदार कड्याच्या मधोमध भिंग टांगलेले दिसते. भिंग हळूच ओढले, की कड्यापासून भिंगापर्यंत गेलेले पारदर्शक धागे ताणलेले दिसतात. झिन या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1755 साली मानवी डोळ्यावरच्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले. आपल्या बागेतल्या झिनियाला त्याचेच नाव दिलेले आहे.

पावसाळ्यात अंगणावर चहूबाजूंनी दोऱ्या ताणून बांधलेली ताडपत्री आठवा. दूर पाहताना आपले भिंग असेच ताणलेले, चपटे असते. जवळ पाहताना कड्यातला स्नायू आकुंचन पावतो. स्नायू आकसला की भिंग ओढले जाईल, असे मुलांना वाटते. पण आकसल्याने कडे लहान होते, धागे सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या लवचिकपणाने फुगते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक धागा म्हणजे असंख्य सूक्ष्मतंतूंची जुडी दिसते. एका सूक्ष्मतंतूची जाडी सुमारे 10 नॅनोमीटर. केसाच्या जाडीत असे हजारो तंतू शेजारी-शेजारी मावतील. तंतूवर साधारण 56 नॅनोमीटर अंतराने मणी ओवल्यासारखे दिसतात आणि ताण दिला की हे अंतर वाढते. त्वचेला लवचिकपणा देणारे इलास्टिन या धाग्यांत नसते. यांचे मुख्य द्रव्य फायब्रिलिन हे प्रथिन. त्याचा शोध 1986 साली लागला.

फायब्रिलिनच्या जनुकात दोष असला, तर मारफान सिंड्रोम हा विकार होतो, हे 1991 साली सिद्ध झाले. साधारण 5000 माणसांत एकाला तो असतो. धागे कमकुवत होतात, तुटतात, आणि एका बाजूच्या दोऱ्या सुटलेल्या ताडपत्रीप्रमाणे भिंग सरकते. बहुधा वरच्या बाजूला. हेच प्रथिन हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या भिंतीतही असते. ती भिंत नकळत फुगत जाऊन एखाद्या दिवशी फाटू शकते.

म्हणून शिक्षकांना आमचे एक सांगणे आहे. वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी फार उंच आणि सडपातळ असेल, हातापायांची बोटे विलक्षण लांब असतील आणि चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल, तर पालकांशी बोला. घरात कुणाला हा विकार नसला, तरी तो नव्याने उद्भवू शकतो. प्रत्येक उंच मूल आजारी नसते. पण अशा मुलाचे डोळे आणि हृदय दोन्ही तपासून घ्यावे. वेळीच निदान झाले, तर औषधाने आणि गरज पडल्यास शस्त्रक्रियेने जीव वाचतो.