आधी गार पाणी, मग कढत

थंडी पडली की आमच्या वस्तीत पहाटेच मोरीतल्या बादलीत रॉड लटकतो. खोली एकच, त्यामुळे लेकरूही तिथेच घुटमळते. पाणी 60 अंशांवर असले तर मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत भाजते, लहानग्याची त्याच्याही आधी. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग कढत ओतावे. आम्हीही वर्षानुवर्षे उलटेच करायचो. तेवढ्या वेळात बादलीत नुसते कढत पाणी असते आणि लेकराला हात घालायला क्षण पुरतो. मगाने ढवळून कोपर बुडवून पाहा; भांडी घासून राठ झालेल्या बोटांना चटका उशिरा कळतो. बाळाला 37-38 अंश, म्हणजे कोपराला जेमतेम कोमट लागेल इतकेच पाणी हवे.

रॉड चालू असताना पाण्यात हात नको. बटण बंद करा, पिन काढा, मग रॉड उचला. नुसत्या बटणावर भरवसा नको, वायरिंग उलटे असले तर बटण बंद असूनही करंट राहतो. लोखंडी बादली तर नकोच.

भाजलेच तर 20 मिनिटे साधे पाणी. नळ गेला असेल तर पिंपातले मगाने ओतत राहा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका, फोड फोडू नका. लेकरू भाजले असेल तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना गाठा.