संकेतस्थळाचे प्रमाणपत्र : त्याचा अर्थ आणि ते बसविण्याची रीत

वसंतातील व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय आणि राजकारण यांची मेजवानी ऐकावयास आलेल्या श्रोत्यांना आजचा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलुंडसारख्या उपनगरात वाचनालयाची वर्गणी, शाळेचा प्रवेशअर्ज, दवाखान्यातील वेळ, गृहनिर्माण संस्थेची देणी, असे कितीतरी व्यवहार आता संकेतस्थळांवरून होतात. त्या संस्थांचे चिटणीस आणि कार्यकर्ते आपल्यापैकीच असतात, आणि अर्ज भरणारेही आपणच. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालावयाचे नाही.

प्रथम मूळ अडचण पाहू. आपण भ्रमणध्वनीवर अर्ज भरून पाठविला म्हणजे तो अनेक यंत्रांच्या हातून पुढे जातो. त्यावर कोणतेही आवरण नसेल तर तो उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. वाटेतला कोणीही तो वाचू शकतो, इतकेच नव्हे तर त्यात फेरफारही करू शकतो. दुसरी अडचण याहून मोठी. समोरचे यंत्र ‘मी अमुक संस्थेचे’ म्हणून सांगते, पण ते खरे कशावरून? पाकीट कितीही घट्ट बंद केले, तरी ते भामट्याच्याच हाती दिले तर काय उपयोग?

या दोन्ही अडचणींवरील उपायाचे मूळ गणितात आहे. १९७६ साली अमेरिकेत व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन या त्रयीने ती व्यवहारात आणण्याची एक पद्धत शोधली. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ‘एसएसएल’ ही योजना प्रचारात आणली. १९९९ पासून तिची जागा ‘टीएलएस’ने घेतली, तथापि लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले आहे.

ही कल्पना बँकेतील नमुना-सहीच्या दाखल्याने समजेल. खातेदाराची सही त्याच्या हातात असते. बँकेच्या दप्तरी असतो तो तिचा नमुना. नमुन्यावरून सही पडताळता येते, पण केवळ नमुना पाहून कोणी तो हात मिळवू शकत नाही. संकेतस्थळाची खाजगी किल्ली म्हणजे तो हात, आणि सार्वजनिक किल्ली म्हणजे तो नमुना. आता हा नमुना त्याच संस्थेचा आहे, अशी साक्ष कोणी द्यावयाची? ती प्रमाणन संस्था देते. नाव, सार्वजनिक किल्ली, मुदत आणि प्रमाणन संस्थेची सही एवढा मजकूर असलेला कागद म्हणजे प्रमाणपत्र. आपल्या ब्राउझरजवळ विश्वसनीय प्रमाणन संस्थांची यादी आधीच असते. तो साक्ष पडताळतो, समोरच्या यंत्राजवळ खरोखर ती खाजगी किल्ली आहे याची खात्री करून घेतो, आणि मग दोघे मिळून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवितात. पुढचा सारा मजकूर तिने बंद होतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बहुतेक लहान संस्था आपले संकेतस्थळ भाड्याच्या सर्व्हरवर ठेवतात, आणि त्याचा कारभार नियंत्रण-पटलावरून करतात. त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी ‘सीपॅनेल’ आढळते. त्यात सुरक्षेच्या विभागात ‘एसएसएल/टीएलएस’ ही खूण असते. तेथे पहिले काम खाजगी किल्ली निर्माण करण्याचे. दुसरे काम विनंतीपत्राचे, ज्याला ‘सीएसआर’ म्हणतात. त्यात संकेतस्थळाचे नाव, शहर, राज्य, देश व संस्थेचे नाव भरावयाचे. संकेतस्थळाचे नाव ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्यावाचून, अशा दोन्ही रूपांत प्रमाणपत्रात यावे, नाहीतर एका दाराने येणाऱ्याचे स्वागत होते व दुसऱ्या दाराने येणाऱ्याला धोक्याची सूचना दिसते.

हे विनंतीपत्र प्रमाणन संस्थेकडे पाठवावे. खाजगी किल्ली मात्र कोणाकडेही पाठवावयाची नाही. ती मागणारा मनुष्य एक तर अज्ञानी असतो किंवा लबाड. नाव आपल्याच ताब्यात आहे हे दाखविण्यासाठी सांगितलेली छोटी फाइल संकेतस्थळावर ठेवावी लागते, किंवा नावाच्या नोंदीत एक ओळ घालावी लागते, किंवा ठराविक पत्त्यावर आलेल्या ईमेलला उत्तर द्यावे लागते. मग प्रमाणपत्र हाती येते, आणि त्याबरोबर मधल्या साक्षीदारांची साखळी येते. पटलावर पुन्हा जाऊन संकेतस्थळ निवडावे. प्रमाणपत्र, किल्ली व साखळी आपापल्या चौकटीत पहिल्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत जशीच्या तशी चिकटवावी, आणि बसविण्याचे बटण दाबावे. साखळी विसरली तर एका यंत्रावर सारे ठीक दिसते आणि दुसऱ्यावर सूचना येते, ही नेहमीची चूक आहे.

याहून सोपा मार्गही आहे. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा तत्त्वावरील प्रमाणन संस्था २०१५ पासून विनामूल्य प्रमाणपत्रे देऊ लागली. अनेक सर्व्हरांवर ‘ऑटोएसएसएल’ ही सोय असते. ती प्रमाणपत्र स्वतःच मागविते, बसविते आणि मुदतीपूर्वी बदलते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ही सोय आपल्याकडे आहे काय, हे विचारावे. प्रमाणपत्र बसल्यावर जुन्या असुरक्षित पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्याकडे वळविण्याची कळही चालू करावी; दार बसवून ते उघडेच ठेवण्यात अर्थ नाही.

मुदतीचा प्रश्न तर अधिकच निकडीचा होत आहे. ब्राउझर बनविणारे व प्रमाणन संस्था यांच्या संयुक्त मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरविल्याप्रमाणे प्रमाणपत्राची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस अशी उतरत जाते. ज्या संस्थेत हे काम वर्षातून एकदा आठवणीने हाताने होते, तिला ही पद्धत सोडावीच लागेल.

मराठी नावांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी नाव घेता येते. अशा नावासही प्रमाणपत्र मिळते. मात्र यंत्राच्या दप्तरी ते नाव रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात लिहिलेले असते. पटलावर आपले नाव ओळखू न आल्यास घाबरून जाऊ नये.

असो. आता या साक्षीची मर्यादाही पाहू. साक्षीदारच फसला तर? २०११ मध्ये हॉलंडमधील ‘डिजिनोटार’ या प्रमाणन संस्थेत चोर शिरले, खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि ती संस्था दिवाळखोर झाली. जुलै २०१४ मध्ये आपल्याच देशात नॅशनल इन्फॉरमॅटिक्स सेंटरच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले; तेव्हा नियंत्रकांनी त्या यंत्रणेची संबंधित प्रमाणपत्रे रद्द केली. आज प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वह्यांतून होते, आणि आपल्या नावाने कोणी कागद काढला काय, हे कोणासही पाहता येते.

दुसरी मर्यादा सामान्य माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. प्रमाणपत्र नावाची साक्ष देते, चारित्र्याची नव्हे. भामटाही बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन त्यासाठी रीतसर प्रमाणपत्र मिळवू शकतो. कुलूप दिसले म्हणजे माणूस भला, ही समजूत इतकी पसरली, की २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्रच काढून टाकले. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘.बँक.इन’ या शेवटाचे पत्ते घेण्यास सांगितले, ते याच कारणासाठी. तेव्हा पैसे देण्यापूर्वी पत्त्याचे स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचावे, आणि विशेषतः त्याचा शेवट पाहावा.

आणि संस्थाचालकांना एक विनंती. पुष्कळदा संकेतस्थळ एखाद्या उत्साही तरुणाने फावल्या वेळात उभे केलेले असते. पुढे तो नोकरीनिमित्त परगावी जातो, आणि पटलाचा परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. मग मुदत संपते, सूचना झळकते, आणि सभासद परत फिरतात. यात त्या तरुणाचा दोष नाही. तिजोरीची किल्ली कोणाजवळ आहे याची नोंद आपण इतिवृत्तात ठेवतो. संकेतस्थळाचे नाव कोणाच्या नावे आहे, पटल कोणाच्या हाती आहे आणि नूतनीकरण आपोआप होते की नाही, याचीही नोंद तेथेच व्हावी. सभासदाने विश्वासाने भरलेला फोन क्रमांक, आजाराची माहिती किंवा देणगीची रक्कम ही संस्थेकडे ठेवलेली ठेव आहे, आणि ठेवीची राखण हे विश्वस्ताचे पहिले कर्तव्य होय.